सगळे क्रोम वापरतात म्हणून सेवा केंद्रातही क्रोमच का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी तुमचं सेवा केंद्र आहे, चार संगणक आहेत आणि त्यातले दोन अजून विंडोज ७ वर चालतात. केंद्र सुरू केलं तेव्हा फायरफॉक्स होता. मग आजूबाजूच्या सगळ्यांनी क्रोम घेतला म्हणून तुम्हीही घेतला. आता भाचा ब्रेव्ह टाका म्हणतो, कुणी स्वदेशी उला सुचवतं आणि विंडोज उघडलं की ते एजचा आग्रह धरतं. दर काही वर्षांनी लोक ब्राउझर बदलतातच, तर जास्त लोक वापरतात तोच धरून चालावं का, असं तुम्ही विचारलंय.

लहान कार्यालयं, पतसंस्था आणि तुमच्यासारखी सेवा केंद्रं यांचे संगणक सांभाळणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. सरकारी पोर्टलच्या कामासाठी क्रोमच्या घराण्यातला, म्हणजे क्रोम किंवा त्याच पायावर बनलेला एक ब्राउझर ठेवावाच लागेल. त्याच्या सोबतीला फायरफॉक्स ठेवा. पण तुमच्या केंद्रातला खरा प्रश्न ब्राउझरच्या नावाचा नाही. एकाच संगणकावर दिवसभर अनोळखी माणसं येऊन आपापली खाती उघडतात. ती उठून गेल्यावर त्यांचं काय काय मागे राहतं, हा प्रश्न मोठा आहे. तिकडे येतोच.

आधी लोकप्रियतेबद्दल. १९९४ च्या डिसेंबरात नेटस्केप आला आणि काही काळ इंटरनेट म्हणजे नेटस्केप अशी स्थिती होती. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आणला, पुढे तो विंडोजमध्येच घालून दिला, आणि २००२-०३ च्या सुमारास जगातले दहातले नऊ लोक तोच वापरत होते. लोकांनी तुलना करून तो निवडला होता असं नाही, तो संगणकावर आधीच होता. स्पर्धक उरला नाही तेव्हा काय होतं तेही तेव्हाच दिसलं: सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जग जुन्या, सुरक्षेत भोकं पडलेल्या ब्राउझरवर काम करत राहिलं. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला तेव्हा टॅब आणि पॉप-अप रोखण्याची सोय यांसाठी लोक तिकडे धावले. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला. तो वेगवान होता हे खरंच, पण गूगलच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात होती आणि पुढे अँड्रॉइड फोनमध्ये तो आयताच आला. मे २०१२ मध्ये ब्राउझरचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत त्याने एक्सप्लोररला मागे टाकलं.

आयत्या मिळालेल्या गोष्टीची ताकद किती असते याचा आकडा अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात बाहेर आला. गूगलने २०२१ या एका वर्षात, इतरांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. माणसं पुढ्यात ठेवलेली गोष्ट सहसा बदलत नाहीत, हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय कुणी एवढा पैसा देत नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी, कारण इथे बहुतेकांचं इंटरनेट फोनवरच सुरू झालं. बटणांच्या फोनवर ऑपेरा मिनी चालायचा, कारण तो पान आधी आपल्या सर्व्हरवर दाबून लहान करायचा आणि डेटा कमी लागायचा. मग स्वस्त अँड्रॉइड आले आणि यूसी ब्राउझर इतका पसरला की काही काळ भारतात फोनवर तोच पहिल्या क्रमांकावर होता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पान दाबून देण्याचं महत्त्व उतरलं. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात यूसीही गेला. ज्यांनी आपले बुकमार्क आणि पासवर्ड फक्त त्यातच ठेवले होते त्यांची पळापळ झाली. लोकप्रियतेच्या भरवशावर राहू नका असं मी सांगतो त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण मराठी वाचकांना जवळचं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच साठवण्याची पद्धत, रुळण्याआधी बऱ्याच मराठी संकेतस्थळांनी आपापले फॉन्ट वापरले होते, आणि ते फॉन्ट पानासोबत आपोआप उतरण्याची जी सोय होती ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की मराठीच्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची रांग दिसायची. मजकूर मराठीतच होता, पण एका कंपनीच्या ब्राउझरबाहेर तो वाचताच येत नव्हता. तेव्हा कुणाला ही अडचण वाटली नाही, कारण "सगळे एक्सप्लोररच तर वापरतात". त्या काळातली अनेक पानं आज कुठल्याच ब्राउझरमध्ये धड वाचता येत नाहीत. लिहिलेलं मराठी असं वाया जाणं मला अजूनही सलतं. आज युनिकोडमुळे ती अडचण मिटली आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ हीच खुली यंत्रणा वापरतात, त्यामुळे मराठी कशात चांगलं दिसतं हा निवडीचा मुद्दा उरलेला नाही.

आता आकडे वाचायचे कसे तेही पाहू, कारण "फायरफॉक्स संपला" हे त्यांच्यावरूनच म्हटलं जातं. स्टॅटकाउंटर आपला कोड लावलेल्या संकेतस्थळांवर किती पानं उघडली गेली ते मोजतं, माणसं मोजत नाही. शिवाय फायरफॉक्स वापरणारे पुष्कळ जण असे मोजणारे कोडच अडवतात, आणि ब्रेव्हसारखे ब्राउझर संकेतस्थळाला स्वतःची ओळख क्रोम म्हणून देतात. तरी एकूण चित्र खरं आहे: जगात क्रोमचा वाटा दोन-तृतीयांशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त, भारतात त्याहूनही बराच वर, आणि फायरफॉक्स दोन-तीन टक्क्यांवर.

तुमच्यासाठी या आकड्याचा उपयोग एकच: पोर्टल बनवणारा माणूस कुठल्या ब्राउझरमध्ये तपासून बघतो हे त्यावरून कळतं. निविदा घेऊन पोर्टल बनवणारी कंपनी क्रोममध्ये अर्ज भरून बघते, चाललं की काम झालं असं धरते. म्हणून अर्जातली तारखेची चौकट, कॅप्चा, पैसे भरून परत येणारं पान अशा गोष्टी क्रोममध्ये बहुधा चालतात आणि फायरफॉक्समध्ये कधी अडतात. हा दोष फायरफॉक्सचा नसला तरी काउंटरसमोर रांग लागलेली असताना दोष कुणाचा याला अर्थ नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, उला हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं इंजिन, म्हणजे पान उलगडून दाखवणारा ब्राउझरचा गाभा, सोडून जानेवारी २०२० मध्ये एज क्रोमियमवर आणला. खऱ्या अर्थाने वेगळी इंजिनं आज दोनच उरली आहेत: ॲपलच्या सफारीचं आणि फायरफॉक्सचं. सफारी विंडोजवर नाही. म्हणजे तुमच्या टेबलावर सात पर्याय दिसत असले तरी निवड दोनच घराण्यांतली आहे. क्रोममध्ये जे पोर्टल चालतं ते बहुधा एजमध्येही चालेल. क्रोम बिघडला म्हणून एज उघडून बघणं ठीक आहे, पण इंजिनातच दोष असेल तर दोघेही एकदमच अडतील.

आता मुद्द्याचं. मी सेवा केंद्रात पहिल्यांदा गेलो की एक गोष्ट करतो. शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडतो आणि युजरनेमच्या चौकटीत एकच अक्षर टाइप करतो. बहुतेक ठिकाणी खाली पाच-सात विद्यार्थ्यांची नावं उतरतात. एकावर क्लिक केलं की पासवर्डही भरला जातो. त्या मुलाचा बँक खाते क्रमांक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला सगळं पुढच्या माणसासमोर उघडं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. "पासवर्ड सेव्ह करू का" असं ब्राउझरने विचारलं आणि घाईत कुणीतरी हो म्हटलं, एवढंच.

त्यात क्रोमची एक सवय भर घालते. २०१८ च्या सप्टेंबरपासून जीमेल उघडलं की क्रोम स्वतःही त्या खात्यात शिरतो. ग्राहक जीमेलमधून बाहेर पडला तरी त्याचं नाव ब्राउझरच्या कोपऱ्यात अडकून राहू शकतं. सेटिंगमध्ये "क्रोममध्ये साइन इन करू द्या" अशा अर्थाचा पर्याय आहे, तो चारही संगणकांवर बंद करा. पासवर्ड जतन करण्याचा प्रश्न विचारणं बंद करा. आधी जतन झालेले सगळे पासवर्ड आणि पत्ते पुसून टाका.

यानंतर ग्राहकांसाठी गेस्ट विंडो वापरा. इनकॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत, भागत नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही भागत. इनकॉग्निटोत हिस्टरी राहत नाही हे खरं, पण ती तुमच्याच प्रोफाइलची खिडकी असते, त्यामुळे आधी जतन केलेले पासवर्ड तिथेही भरले जाऊ शकतात. गेस्टला तुमचं काहीच दिसत नाही आणि ती बंद केली की तिच्यातलं लॉगिन, कुकी, हिस्टरी सगळं जातं. डेस्कटॉपवर क्रोमचा एक वेगळा शॉर्टकट करा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या शेवटी एक जागा सोडून दोन लहान आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून गेस्ट हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. त्यापुढे एक जागा सोडून पोर्टलचा पत्ता टाकला तर शॉर्टकट थेट त्या पोर्टलवर उघडतो. गेस्टमध्ये बुकमार्क नसतात, म्हणून नेहमीच्या सात-आठ पोर्टलचे असे शॉर्टकट करून ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे: सर्चमध्ये "आधार डाउनलोड" टाकून वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करण्याची वेळ कुणावर येत नाही. खोट्या पोर्टलवर माणसं फसतात ती बहुतेक तिथेच.

दोन खबरदाऱ्या. उघडलेल्या सगळ्या गेस्ट खिडक्या बंद झाल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही. एक ग्राहक उठला आणि दुसरी खिडकी मागे दडलेली राहिली, तर पहिल्याचं लॉगिन जिवंतच असतं. म्हणून प्रत्येक ग्राहकानंतर सगळं बंद करून नव्याने उघडायची सवय कामावरच्या मुलांना लावा. दुसरी खबरदारी डाउनलोडची. गेस्टमध्ये उतरवलेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच राहते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या इंग्रजी लिपीत (कॅपिटल) आणि जन्मवर्ष. फाइलचा मालक ज्याला माहीत आहे त्याला तो ओळखायला वेळ लागत नाही. प्रिंट हातात दिली की फाइल शिफ्ट धरून डिलीट करा, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरणार नाही. व्हॉट्सॲपवरून मागवलेल्या कागदांनाही हेच लागू.

तुमचं स्वतःचं काम मात्र गेस्टमध्ये करू नका. केंद्रचालकाचं लॉगिन, डिजिटल सहीचं डोंगल आणि अंगठ्याचं यंत्र यांच्यासाठी क्रोममध्ये एक वेगळं प्रोफाइल करा, विंडोजच्या वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या खात्यात केलंत तर उत्तमच. कारण असं आहे: अंगठ्याचं यंत्र आणि सहीचं सॉफ्टवेअर संगणकावर एक लहान सेवा चालवतात आणि पोर्टल ब्राउझरमार्फत तिच्याशी बोलतं. क्रोमच्या १४२ व्या आवृत्तीपासून अशा वेळी ब्राउझर परवानगी मागतो. घाईत "ब्लॉक" दाबलं गेलं की यंत्र लावलेलं दिसतं, दिवा लागतो, पण पोर्टलला ते सापडत नाही. लोक ड्रायव्हर काढून घालत बसतात. पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून परवानगी तपासली की काम होतं. पावती किंवा दाखला नव्या खिडकीत उघडत नसेल तेव्हाही आधी तिथेच पाहा, पॉप-अप अडलेला असतो. एखादं जुनं पोर्टल अजून इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमधला आयई मोड वापरा. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण हा मोड निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं आहे.

विंडोज ७ च्या दोन संगणकांचं काय? त्यांच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीतली. त्यानंतर सापडलेली भोकं त्यात तशीच आहेत. फायरफॉक्सने ११५ ही शाखा विंडोज ७ साठी त्यापुढे बरीच रेटली, म्हणून आज त्या संगणकांवर काही ठेवायचंच तर ती ठेवा. पण त्यांवर कुणाचंही बँकेचं, पैसे भरण्याचं किंवा आधारचं काम करू नका. टायपिंग, स्कॅन, प्रिंट यांना ते पुरेत. रॅम चार जीबी असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घाला, फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही ताज्या आवृत्तीत मिळतील. अंगठ्याचं यंत्र मात्र विंडोजच्या संगणकावरच राहू द्या.

भाच्याचा ब्रेव्ह वाईट नाही. जाहिराती अडवतो, म्हणून पानं हलकी होतात, आणि घरच्या वापराला मी तो आनंदाने सुचवतो. केंद्रात मात्र त्याच्या अडवण्यामुळे कधी कॅप्चा दिसत नाही, कधी पैसे भरल्यावर पान परत येत नाही. ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर ते निस्तरणं तुमच्यावर येतं. उलाबद्दल: माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा ठेवली आणि मार्च २०२५ मध्ये उला बनवणाऱ्या झोहो कंपनीच्या चमूला एक कोटीचं पहिलं बक्षीस दिलं. त्या स्पर्धेच्या अटींत भारत सरकारच्या मूळ प्रमाणपत्रावर (संकेतस्थळ खरं असल्याची हमी ज्यावर टिकते त्यावर) विश्वास आणि ब्राउझरमधूनच डिजिटल सही या गोष्टी होत्या, आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. एका संगणकावर वापरून पाहा. पोर्टलं त्यावर तपासली जाऊ लागली की मी स्वतः केंद्रांना तो सुचवेन.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच सरकारची संगणकाची कामं पाहणाऱ्या एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. विंडोजचा त्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास होता, त्यामुळे विश्वासाच्या प्रमाणपत्रांची विंडोजची यादी वापरणारे प्रोग्राम फसू शकत होते. फायरफॉक्सची यादी स्वतःची आणि वेगळी होती, म्हणून तो त्यातून सुटला. त्याच वेगळ्या यादीमुळे काही सरकारी संकेतस्थळांवर फायरफॉक्स इशारा दाखवायचा आणि लोक वैतागायचे. वेगळं असण्याचा त्रास आणि त्याचा उपयोग असे एकाच ठिकाणी दिसतात. सगळं जग एका इंजिनावर गेलं तर काय चालेल आणि काय बंद होईल हे एकच कंपनी ठरवेल. जाहिरात अडवणारं यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून नियम बदलून बाद झालं, फायरफॉक्समध्ये ते अजून पूर्ण ताकदीने चालतं, हे ताजं उदाहरण. फायरफॉक्सची बहुतेक कमाईही गूगलच्या सर्च करारातूनच येते, म्हणून त्याची प्रकृती नाजूक आहे हे मान्य. पण म्हणूनच तो संगणकावरून काढून टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

फायरफॉक्सला काम द्या: बातम्या, माहिती शोधणं, तुमचं स्वतःचं मेल. त्यात यूब्लॉक ओरिजिन घाला आणि बंद करताना हिस्टरी व कुकी पुसण्याची खूण लावा. एखादा अर्ज क्रोममध्ये अडला की तोच इथे एकदा भरून पाहा. अडचण पोर्टलची की तुमच्या संगणकाची, हे तेवढ्याने कळतं आणि हेल्पलाइनला नेमकं काय सांगायचं तेही कळतं.

सुरुवात सर्वांत गर्दीच्या संगणकापासून करा. आज संध्याकाळी केंद्र बंद करताना त्यातले जतन केलेले पासवर्ड उघडून बघा, किती जणांचे निघतात ते पाहा आणि पुसून टाका. गेस्टचे शॉर्टकट उद्या सकाळी केलेत तरी चालतील. डोंगल कुठल्या कंपनीचं आहे आणि विंडोज ७ च्या संगणकांत रॅम किती आहे ते कळवलंत, तर त्या दोन गोष्टींबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.